झरमॅटला न पोहोचलेली स्की सहल : एप्रिलअखेरच्या एका गाईडसेवेचे परीक्षण

स्वित्झर्लंडच्या ‘वाले’ या कँटनमधील (प्रांतातील) आरोला या गावातून निघायचे, दोन रात्री उंचावरच्या हटमध्ये, म्हणजे डोंगरातील निवाऱ्यात, काढायच्या आणि तिसऱ्या दिवशी मॅटरहॉर्नच्या पायथ्याने स्कीवरून झरमॅटला उतरायचे, असा या सहलीचा छापील कार्यक्रम होता. आम्ही झरमॅटला पोहोचलो नाही. चालण्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास आम्ही पुन्हा आरोलाच्याच बसथांब्यावर उभे होतो. तरीही गाईडला मी पाचपैकी पाच गुण देतो, सहल आखणाऱ्या संस्थेच्या कार्यालयाला अडीच, आणि ज्या दुकानातून सामान भाड्याने घेतले त्याला एक. पुढे तक्रारी येणार असल्यामुळे कोणाचेही नाव लिहीत नाही; या भागात असाच कार्यक्रम चालवणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत आणि पुढील मजकुरातील बहुतेक गोष्टी त्यांपैकी कोणाकडेही पैसे भरण्यापूर्वी उपयोगी पडतील.

आधी वाटेबद्दल थोडे. फ्रान्समधील शामोनीपासून झरमॅटपर्यंत जाणाऱ्या ‘ओत रूत’ या प्रसिद्ध मार्गाचा हा शेवटचा आणि सर्वांत उंच भाग आहे. ब्रिटिश गिर्यारोहकांनी १८६१ मध्ये हा मार्ग उन्हाळ्यात पायी जोडला, आणि १९११ मध्ये तो प्रथम स्कीवरून पार झाला. मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत येथील हटमध्ये राखणदार असतो, आणि तोच या मार्गाचा हंगाम. वरच्या भागात लिफ्ट नाही, स्कीसाठी आखलेली धावपट्टी नाही. स्कीच्या तळाला ‘स्किन’ म्हणजे एका बाजूला गोंद आणि दुसऱ्या बाजूला आखूड केस असलेली पट्टी चिकटवायची, बुटाची टाच मोकळी ठेवायची आणि पाय घसटत चढायचे; माथ्यावर स्किन सोलून काढायची, टाच बंद करायची आणि उतरायचे. केस एकाच दिशेने झुकलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की जे जाणवते, तेच तत्त्व.

जानेवारीत थंडी असते आणि भुसभुशीत ताजा बर्फ असतो, मग लोक मुद्दाम एप्रिलची अखेर का निवडतात, हा प्रश्न मला पुण्याहून अनेकांनी विचारला आहे. उत्तर असे की, वसंतात बर्फ दिवसा उन्हाने पाघळतो आणि रात्री पुन्हा गोठतो, आणि अशा रोजच्या फेऱ्यांमधून त्याचे लहान कण एकमेकांत मिसळून टपोरे, गोल दाणे तयार होतात. पहाटे हा थर काँक्रीटसारखा घट्ट असतो. सूर्य चढला की वरचे दोन-तीन सेंटीमीटर सुटतात आणि खाली मात्र कडक बैठक राहते. या अवस्थेतील बर्फ नीट भाजलेल्या रव्यासारखा मोकळा वाटतो आणि माझ्यासारखा बेताचा स्कीअरसुद्धा त्यावर वळणे घेताना स्वतःच्या कौशल्याबद्दल गैरसमज करून घेतो. स्वित्झर्लंडच्या जर्मन भागात याला ‘फिर्न’ म्हणतात. ही अवस्था एखाद-दोन तास टिकते. नंतर तोच उतार गुडघाभर चिखलासारखा होतो, आणि त्यानंतर त्यावरून ओले हिमस्खलन सुटू शकते. पूर्वेकडचे उतार आधी सुटतात, मग दक्षिणेकडचे, दुपारकडे पश्चिमेकडचे. त्यामुळे वसंतातील गाईड नकाशाइतकाच घड्याळाकडे पाहून चालतो, आणि या सेवेचे मोल ठरवताना मी प्रामुख्याने तेच पाहिले.

आम्ही पाच जण होतो. मी आणि लोझानला नोकरी करणारा माझा नागपूरचा मित्र, एक डच जोडपे, आणि एक निवृत्त स्विस शिक्षिका, ज्यांचे वय त्रेसष्ट होते आणि ज्या आम्हा सर्वांपेक्षा सहज पुढे चालत होत्या. माणशी खर्च सुमारे तेराशे फ्रँक आला. त्यात गाईड, हटमधील मुक्काम, रात्रीचे जेवण व न्याहारी आणि झरमॅटमधील हॉटेलची शेवटची रात्र होती. दुपारचे खाणे, पाणी, प्रवास आणि सामानाचे भाडे वेगळे. गाईडच्या जॅकेटवर आंतरराष्ट्रीय पर्वतमार्गदर्शक महासंघाचा बिल्ला होता, आणि या कामात तोच पाहावा. चांगला स्कीअर असणे आणि पाच अनोळखी माणसांना हिमनदीवरून नेणे या वेगळ्या विद्या आहेत.

पहिल्या दिवशी दुपारी सियों रेल्वे स्थानकावरून पिवळ्या पोस्टबसने आरोलाला पोहोचलो. सुमारे २००० मीटरवरचे हे गाव एप्रिलअखेर अर्धवट झोपेत असते. निम्मी दारे बंद, रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग आणि त्यांच्याखालून वाहणारे पाणी. गाईडने सामान ठेवताच आम्हाला ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत नेले आणि हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाचा शोध घेण्याचा सराव सुरू केला. प्रत्येकाच्या छातीवर ४५७ किलोहर्ट्झवर संकेत पाठवणारे यंत्र बांधलेले असते. शोधताना ते ग्रहणावर टाकायचे, अंतराचे आकडे कमी होतील त्या दिशेने जायचे, यंत्र बर्फाला टेकवून सर्वांत लहान आकडा शोधायचा आणि मग सळई खुपसायची. त्याने एक पिशवी आमच्या नकळत पुरली होती. आम्हाला ती सापडायला आणि उकरून काढायला पहिल्या वेळी सतरा मिनिटे लागली. गाडल्या गेलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, हे आम्हा सर्वांना वाचून माहीत होते, त्यामुळे कोणी काही बोलले नाही. गाईडनेही टोमणा मारला नाही. त्याने एवढेच दाखवले की आम्ही पाचही जण एकाच वेळी, एकाच खड्ड्यात, एकमेकांच्या फावड्यांच्या आड येत खणत होतो. मग उताराच्या खालच्या बाजूने, एकामागे एक उभे राहून बर्फ मागे ढकलत जाण्याची रीत त्याने शिकवली. दुसऱ्या वेळी आठ मिनिटे लागली. तिसऱ्या वेळी अंधार पडू लागला होता आणि डच गृहस्थांना जेवणाची घाई झाली होती, तरी त्याने तिसऱ्यांदा करवून घेतलेच.

याच वेळी सामानाची तपासणी झाली आणि दोन गोष्टी उघड झाल्या. स्कीच्या मधोमध, बुटाखाली बसणारे दातेरी स्की-क्रॅम्पॉन संस्थेच्या यादीत ‘शक्य असल्यास’ या मथळ्याखाली होते; गाईडच्या मते वसंतातील पहाटेच्या कडक बर्फावर त्यांच्यावाचून निघताच येत नाही. यादीच मुळी निघण्याच्या चार दिवस आधी आली होती. डच जोडप्याकडे ते नव्हते, आणि गाईडने स्वतःच्या गाडीतून दोन जोड्या काढून दिल्या म्हणून पुढची सहल झाली. दुसरी गोष्ट माझी. भाड्याच्या स्किनचा गोंद शेपटीकडे जुनाट होऊन चमकू लागला होता. दुकानात मी विचारले होते, तेव्हा ‘हंगामाच्या शेवटी सगळ्याच अशा असतात’ असे उत्तर मिळाले होते. हे उत्तर खरेही असेल, पण ग्राहकाला ते पुरेसे नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ‘पा द शेव्र’ या २८५५ मीटरच्या खिंडीतून दिक्स हटकडे गेलो. नावाचा अर्थ बकऱ्यांची खिंड. प्रत्यक्षात पलीकडची बाजू अशी तुटलेली आहे की तेथे खडकावर लोखंडी शिड्या ठोकल्या आहेत, आणि स्की पाठीवर बांधून, जड प्लॅस्टिकच्या बुटांनी एकेक पायरी चाचपत उतरावे लागते. सह्याद्रीत शिड्यांच्या वाटा पुष्कळ केल्या आहेत, पण पाठीवरच्या स्कीची टोके वरच्या पायरीला अडकून आपल्याला मागे ओढतात, हा अनुभव नवा होता. गाईडने प्रत्येकाला दोराने सांभाळून उतरवले आणि पुढच्या माणसाची शिडी मोकळी होईपर्यंत मागच्याला हलू दिले नाही. खाली शेलों हिमनदी ओलांडून पलीकडच्या खडकावरच्या हटमध्ये आम्ही दुपारी बाराच्या आत पोहोचलो. हट २९२८ मीटरवर आहे आणि समोर मों ब्लां द शेलों या शिखराची उत्तर भिंत थेट उभी राहते.

हटविषयी वेगळे गुण देत नाही, कारण त्या सहलीच्या संस्थेच्या नसतात. तरी भारतातून येणाऱ्यांनी कल्पना करून यावे. झोपायला ओळीने लावलेल्या गाद्या असतात, स्वतःचे पातळ रेशमी अस्तर आणावे लागते, बूट खाली ठेवून हटच्या चपला घालायच्या, आणि नळाला पिण्याचे पाणी नसते. दीड लिटरच्या बाटलीला मी बारा फ्रँक मोजले. ती एवढ्या वर कशी आली असेल याचा विचार केला की किंमत कमी बोचते, कारण येथे बहुतेक सामान हेलिकॉप्टरने येते. शाकाहारी जेवण आधी कळवल्यास मिळते. आम्हाला दोन्ही रात्री सूप, मग बटाटा आणि चीज यांचे काहीतरी, आणि शेवटी गोड पदार्थ मिळाला. माझ्या मित्राने पहिल्या रात्री खिशातून लसणाच्या चटणीची पुडी काढली आणि स्विस शिक्षिकांनी ती दुसऱ्या रात्री स्वतःहून मागून घेतली.

तिसऱ्या दिवसाबद्दल, म्हणजे चालण्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल, विस्ताराने लिहितो, कारण सेवा म्हणून तो उत्तम होता. साडेचारला उठलो, सव्वापाचला कपाळावरचे दिवे लावून निघालो. रात्र निरभ्र होती. आकाश स्वच्छ असले की बर्फातील उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असले तरी पृष्ठभाग गोठतो. ढग आले की ते पांघरुणासारखे काम करतात आणि गोठण होत नाही. त्या पहाटे बर्फावर स्कीची कड घासल्याचा करकर आवाज येत होता आणि स्की-क्रॅम्पॉनचे दात रुतताना पायाला कळत होते. वाटेतल्या ‘सेरपांतीन’ नावाच्या तीव्र चढाखाली गाईडने आम्हाला थांबवून, एकेकाला ठरावीक अंतर ठेवून, बोलणे बंद करून वर नेले. त्यानंतर हिमनदीतील भेगांच्या पट्ट्यात दोर बांधला. मध्ये एकदाच सहा-सात मिनिटांची विश्रांती मिळाली, आणि माझ्या मित्राने फोटोसाठी आणखी थांबण्याची विनंती केली तेव्हा गाईडने नुसते पूर्वेकडच्या उताराकडे बोट दाखवले. त्यावर ऊन पोहोचले होते.

माझ्या उजव्या स्किनची शेपटी तेथेच सुटली. गोंद आणि स्की यांच्या मध्ये बर्फाची भुकटी शिरली की ती पट्टी पुन्हा चिकटत नाही. गाईडने बर्फ खरवडून काढला, माझ्या बाहीने स्की कोरडी करायला लावली, शेपटीवर दोन रबरी पट्टे आवळले आणि पुढच्या उतरणीत स्किन पिशवीत न भरता जॅकेटच्या आत छातीशी ठेवायला सांगितली, म्हणजे गोंद ऊबदार राहतो. सगळे मिळून चार मिनिटे. पट्टे त्याच्याच खिशातले होते.

साडेनऊला आम्ही सुमारे ३७९० मीटरच्या पिन्य दारोला शिखरावर होतो. पश्चिमेला दूर मों ब्लांचा घुमट स्पष्ट दिसत होता. गाईडने वीस मिनिटे दिली, आणि ती वीसच होती. खाली विन्येत हटपर्यंतची सहाशे मीटरची उतरण मात्र ज्या कारणासाठी लोक एप्रिलअखेर येथे येतात त्याचा नमुना होती. वरचा भाग अजून कडक असल्यामुळे सावकाश, आणि त्याखाली, जेथे ऊन तासभर पडले होते, तेथे तो रव्यासारखा थर; स्की वळवली की दाणे सळसळत बाजूने खाली धावत होते आणि आपण थांबल्यावरही क्षणभर धावतच राहत होते. पावणेअकराला आम्ही हटच्या ओसरीवर बसून मोजे वाळवत होतो. एका तासानंतर त्याच उतारावरून उशिरा आलेला एक गट मांडीपर्यंत रुतत उतरताना पाहिला.

विन्येत हट ३१६० मीटरवर, कड्याच्या टोकाला बसवली आहे. याच टप्प्यावर, दिक्सहून विन्येतला येताना, २०१८ च्या एप्रिलच्या अखेरीस वादळात सापडलेल्या चौदा स्कीअरना हटपासून काहीशे मीटरवर उघड्यावर रात्र काढावी लागली आणि त्यांपैकी सात जणांचा मृत्यू झाला. हवामान बिघडणार असल्याचा अंदाज आदल्या दिवशी उपलब्ध होता. आमच्या गाईडने या घटनेचा उल्लेख केला नाही. डच बाईंनी विचारले तेव्हा त्याने ती जागा दाखवली आणि विषय बदलला. संध्याकाळी पाचला दाव्होसच्या हिमस्खलन संशोधन संस्थेचे पत्रक आले, ते मात्र त्याने आमच्यासोबत बसून वाचले. दक्षिणेकडून ढग येणार होते, आणि ओल्या हिमस्खलनाचा धोका दिवसा पाचपैकी तिसऱ्या पातळीपर्यंत चढणार होता. ‘उद्याचे पहाटे तीनला ठरेल’ एवढेच तो म्हणाला.

पहाटे तीनला मी पाण्यासाठी उठलो होतो, म्हणून हे मला पाहायला मिळाले. गाईड दारापलीकडे उभा होता. त्याने स्कीची काठी उलटी धरली आणि मूठ हळूच बर्फावर टेकवली. काहीही जोर न लावता ती वीतभर आत गेली. तो वीस पावले पुढे गेला, सावलीच्या बाजूला, आणि तेथेही तसेच केले. मग दिवा विझवून वर पाहिले. एकही तारा दिसत नव्हता.

न्याहारीला त्याने सांगितले की झरमॅट रद्द. वाद झाला. विन्येतहून झरमॅट म्हणजे साधारण तीस किलोमीटर आणि लेव्हेक, मों ब्रुले आणि वालपेलीन अशा तीन खिंडी; शेवटची साडेतीन हजार मीटरच्या वर, आणि तिच्यानंतर भेगांनी भरलेल्या हिमनदीवरून मॅटरहॉर्नखाली लांब उतरण. ती उतरण आमच्या वेगाने दुपारी बाराच्या आसपास आली असती, आणि न गोठलेल्या रात्रीनंतर भेगांवरचे बर्फाचे पूल त्या वेळी कितपत भार पेलतील याची खात्री देता येणार नाही, हे त्याने कागदावर वेळा मांडून दाखवले. डच गृहस्थांचे म्हणणे होते की इतर दोन गट निघाले आहेत. ते खरे होते, आणि ते दोन्ही गट सुखरूप पोहोचल्याचेही आम्हाला संध्याकाळी कळले. माझा मित्र अजूनही म्हणतो की गाईडने जास्तच सावधगिरी बाळगली. मला ते ठरवता येत नाही. मला एवढे दिसले की त्याने आमचा वेग, माझी स्किन, ढग आणि काठीची मूठ हे सगळे हिशेबात घेतले होते आणि निघालेल्या गटांकडे एकदाही वळून पाहिले नव्हते. मी पैसे यासाठीच दिले होते. मे महिन्यात हरिश्चंद्रगडाच्या चढाला पहाटे चारला निघायचे, हे आपल्याकडच्या कोणालाही सांगावे लागत नाही. येथेही तेच, फक्त उन्हाने माणूस वितळत नाही, वाट वितळते.

सहाला आम्ही पिएस हिमनदीवरून आरोलाकडे उतरलो. ही उतरण वाईट होती. वरचा पापुद्रा पापडासारखा मोडत होता आणि स्की त्याखाली अडकत होत्या. मी चार वेळा पडलो, मित्र सहा वेळा, शिक्षिका एकदाही नाही. शेवटची वीस-पंचवीस मिनिटे स्की खांद्यावर घेऊन ओल्या गवतातून चालावे लागले.

आता कार्यालय. झरमॅटमधील हॉटेलची रात्र वापरली गेली नाही, आणि तिचे काय, या प्रश्नाला तीन ईमेलनंतर उत्तर मिळाले की हवामानामुळे कार्यक्रम बदलल्यास परतावा नाही. अट म्हणून हे मान्य आहे. पण ती अट पैसे भरण्याच्या पानावर नव्हती, पोचपावतीच्या सातव्या पानावर होती, आणि पैसे भरण्याच्या पानावर मॅटरहॉर्नचे छायाचित्र मात्र होते. शेवटी अर्ध्या रकमेची सूट पुढील सहलीसाठी मिळाली. कार्यक्रमात एक राखीव दिवस धरला असता तर पुढच्या रात्री, जी निरभ्र होती, हा प्रश्नच उद्भवला नसता. हंगामाच्या शेवटी तीन दिवसांचा घट्ट कार्यक्रम विकणे ही मला या सेवेतील मूळ चूक वाटते, आणि तिचा भार गाईडच्या माथी पडतो. दुकानाने स्किनबद्दल तक्रार ऐकून घेतली, खांदे उडवले आणि पूर्ण भाडे लावले.

भारतातून येऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कोणत्याही बर्फात, दमलेल्या पायांनी, मध्यम कठीण उतार न पडता उतरता येत असेल तरच या वाटेचा विचार करावा; त्यासाठी आधी गुलमर्ग किंवा औलीत एक-दोन हंगाम घालवणे स्वस्तही पडेल आणि शहाणपणाचेही ठरेल. दुसरे, प्रवासविम्यात आखलेल्या धावपट्टीबाहेरचे स्कीइंग आणि हेलिकॉप्टरने सुटका या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते ओळ न ओळ वाचावे.

मी स्वतः पुढच्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यासाठी त्याच गाईडला थेट विचारले आहे, पाच दिवसांसाठी, एक दिवस राखीव धरून. स्किन या वेळी स्वतःच्या विकत घेतल्या आहेत, आणि दोन रबरी पट्टे.